क्री लिपीतली फुली: एक आकार, चार कोड

प्रश्न असा आहे. एका ग्रंथसंग्रहाच्या सूचीत क्री या कॅनडातल्या मूलनिवासी भाषेतले शब्द त्यांच्या मूळ लिपीत नोंदवले आहेत. ‘वास्कहिकनिह्क’ हा शब्द तीन नोंदींत येतो. पडद्यावर तिन्ही शब्द सारखे दिसतात, तिन्हींच्या शेवटी फुलीसारखी छोटी खूण आहे. पण एक शब्द कॉपी करून शोधला की तेवढी एकच नोंद सापडते, बाकीच्या दोन सापडत नाहीत. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एकसारखी करण्याची प्रक्रिया, करून पाहिलं, तरी फरक पडला नाही. मग त्या फुलीचा बरोबर कोड कोणता, आणि तोच सगळीकडे एकदम घालून टाकावा का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. प्लेन्स क्री म्हणजे पश्चिम कॅनडाच्या गवताळ मैदानांतली क्री. तिच्यात शब्दाच्या शेवटी ‘ह्क’ हा उच्चार दाखवणाऱ्या फुलीचा कोड यू+१५७डी आहे. हे कोड हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत लिहितात, आणि त्यातली अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. दशमान पद्धतीत हाच आकडा ५५०१ होतो. दुसऱ्या भागाचं उत्तर ‘नाही, एकदम बदलू नका’ असं आहे. त्याची कारणं नीट समजून घ्या, कारण तुमच्या तीन नोंदींत फरक फक्त फुलीचा असेल असं मला वाटत नाही.

आधी त्या फुलीचं शब्दातलं काम पाहू. ‘वास्कहिकन’ म्हणजे घर, इमारत, जुन्या काळी व्यापाऱ्यांचा किल्लाही. त्याला ‘-इह्क’ लागला की ‘घरात’. आपल्याकडे जे काम ‘त’ हा प्रत्यय करतो, तेच तिथे ही फुली करते. क्रीतली कित्येक स्थळनामं या प्रत्ययावर संपतात. एडमंटन शहराच्या क्री नावाच्या पोटात हाच ‘वास्कहिकन’ आहे, आणि ‘एडमंटनमध्ये’ म्हणायचं तर शेवटी फुली येते. म्हणजे या खुणेचा कोड चुकला तर नेमकी गावांची नावंच शोधातून गळतात. सूचीसाठी हे फार मोठं नुकसान आहे.

आता या आकाराचे चार दावेदार पाहू. पहिला यू+१५७डी, युनिकोडमधलं त्याचं नाव ‘एचके’, आणि तो अल्गाँक्वियन भाषांसाठी आहे. क्री त्याच कुळातली. दुसरा यू+१५४१, दशमान ५४४१. त्याचं नाव ‘सायिसी यी’. सायिसी डेने हा उत्तर मॅनिटोबातला समाज, आणि त्यांची भाषा डेने कुळातली, क्रीशी नातं नसलेली. तिथे हा आकार ‘यी’साठी आहे. तिसरा यू+१६६डी, दशमान ५७४१, नाव ‘कायचं चिन्ह’. ग्रीक वर्णमालेतलं ‘काय’ हे अक्षर, ख्रिस्ताच्या ग्रीक नावाचं पहिलं अक्षर. आपल्या ‘ख्रिस्त’मधला ‘ख्’ त्याच अक्षरातून आला. क्री धार्मिक मजकुरात ही एकटी फुली ‘ख्रिस्त’ असं वाचली जाते. चौथा दावेदार तुमच्या कीबोर्डवरचा साधा इंग्रजी एक्स, दशमान १२०. घाईत टंकलेल्या मजकुरात तोही सापडतो, आणि कुठे कुठे गुणाकाराचं चिन्हही, दशमान २१५.

चांगल्या फॉन्टमध्ये ख्रिस्ताची फुली मोठी असते आणि ओळीच्या तळावर बसते, तर ‘ह्क’ची फुली लहान असते. पण ज्या फॉन्टमध्ये हा फरक नीट केलेला नाही तिथे डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. शब्द पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत घ्या, एकेक अक्षर त्याचा कोड दशमानात सांगणाऱ्या ‘ऑर्ड’ फंक्शनला द्या आणि आकडे कागदावर उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण यापुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

यातला यू+१६६डी सगळ्यात त्रास देणारा, कारण युनिकोडच्या हिशोबात तो अक्षर नाहीच. पहिले दोन ‘अक्षर’ या वर्गात येतात, हा येत नाही. त्यामुळे शब्दावर दोनदा क्लिक केलं की फुली सोडून बाकीचा शब्द निवडला जातो. शब्द तोडणारा प्रोग्राम फुलीच्या आधीच थांबतो. ‘घरात’चा ‘घरा’ होतो आणि तोच सूचीत जातो. तुमच्या एखाद्या नोंदीत असं होत असेल तर कोड न तपासताही अंदाज बांधता येईल.

मग हे सगळे कोड शोधून त्यांच्या जागी यू+१५७डी घालायला काय हरकत आहे? मी हेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी एका डिजिटल संग्रहासाठी क्री मजकूर स्वच्छ करायचं काम माझ्याकडे होतं. तिन्ही फुल्या एकाच दिसतात, लेखकांनी चुकून वेगवेगळ्या टंकल्या असणार, असं मी गृहीत धरलं आणि एका आज्ञेत सगळ्या बदलल्या. त्या मजकुरात स्तोत्रं होती. स्तोत्रांत जिथे जिथे ‘ख्रिस्त’ होता, तिथे माझ्या बदलामुळे एक सुटा ‘ह्क’ येऊन बसला. संगणकाने एकही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक नव्हतीच. ही स्तोत्रं लहानपणापासून गात आलेल्या एका आजींनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. मूळ फाइल मी जपून ठेवली होती म्हणून सगळं परत आणता आलं. त्या समाजासाठी ते पान नुसता डेटा नव्हतं, ती त्यांची प्रार्थना होती, आणि मी त्यातलं नाव पुसलं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: साठवलेल्या मूळ मजकुराला एका आज्ञेत हात लावायचा नाही, शोधासाठी जे करायचं ते वेगळ्या रकान्यात.

नॉर्मलायझेशनचा उपयोग का झाला नाही, ते आपल्या मराठीवरूनच समजेल. ‘दुसऱ्या’ लिहिताना आपण जो ‘ऱ’ वापरतो तो यू+०९३१. ‘र’ला नुक्ता लावूनही तो लिहिता येतो. युनिकोडच्या कोष्टकात नोंद आहे की ही दोन्ही रूपं एकच. म्हणून नॉर्मलायझेशन केलं की ती जुळतात. आता ‘ॲप’ मधला ‘ॲ’ घ्या. त्याला स्वतःचा कोड, यू+०९७२, युनिकोड ५.१ मध्ये म्हणजे २००८ साली मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत, आणि आजही कितीतरी जण देतात. दिसायला दोन्ही सारखे. पण ही दोन रूपं एकच आहेत अशी नोंद कोष्टकात नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन त्यांना हातही लावत नाही. मराठी संकेतस्थळावर ‘ॲप’ शोधून अर्धेच निकाल मिळाले असतील, तर कारण बहुधा हेच.

क्रीची लिपी ज्या विभागात आहे, त्याचं नाव एकीकृत कॅनेडियन मूलनिवासी अक्षरलिपी. त्यात क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट, नास्कापी, डेने, कॅरिअर अशा अनेक भाषांची अक्षरं एकत्र ठेवली आहेत. हा विभाग युनिकोड ३.० बरोबर १९९९ मध्ये आला, यू+१४०० ते यू+१६७एफ. या विभागातल्या एकाही अक्षराचं विघटन, म्हणजे ते इतर कोडांच्या जोडणीशी समान असल्याची नोंद, कोष्टकात नाही. ‘ॲ’ची जी स्थिती, तीच इथे प्रत्येक अक्षराची. आणि युनिकोडच्या स्थैर्याच्या नियमामुळे आधीच आलेल्या अक्षरांसाठी ती पुढेही बदलणार नाही. त्यामुळे हे जुळवण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल.

इथे तुमच्या शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे या, कारण मला शंका आहे ती पहिल्या अक्षराची, ‘वा’ची.

या लिपीची रचना फार सुंदर आहे. व्यंजनाला एक आकार असतो आणि स्वर बदलला की तोच आकार फिरतो. ‘प’ गटाचा कोन खाली टोक करून बसला की ‘पे’, वर टोक केलं की ‘पि’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. स्वर दीर्घ असेल तर डोक्यावर ठिपका. १८४० मध्ये आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस इथे जेम्स इव्हान्स या मेथॉडिस्ट मिशनऱ्याने ही लिपी छपाईत आणली. चहाच्या पेट्यांच्या आतलं शिसं वितळवून त्याने खिळे ओतले असं सांगतात. क्री परंपरेत मात्र ही अक्षरं कॉलिंग बॅजर नावाच्या ज्येष्ठाला आत्मलोकातून मिळाली असं मानतात, आणि ज्यांची लिपी आहे त्यांचं हे सांगणं आपण आदराने ऐकायला हवं. इव्हान्सवर लघुलेखनाबरोबर देवनागरीचाही प्रभाव असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. हे वाचल्यापासून मला त्या फिरत्या आकारांकडे पाहताना बाराखडी आठवते.

‘व’चा उच्चार दाखवायला अक्षराच्या बाजूला मध्यावर एक ठिपका देतात. पश्चिमेकडे तो अक्षरानंतर, म्हणजे उजवीकडे येतो. पूर्वेकडे, जेम्स उपसागराच्या बाजूला, तो अक्षराआधी डावीकडे येतो. युनिकोडमध्ये दोन्ही पद्धतींसाठी ठिपक्यासकट तयार अक्षरं आहेत. ‘वा’साठी पूर्वेकडचा कोड यू+१४१९ आणि पश्चिमेकडचा यू+१४१ए. शिवाय सुटा ठिपकाही आहे, यू+१४२७. त्यामुळे ‘आ’ म्हणजे यू+१४०बी आणि त्यापुढे सुटा ठिपका, अशीही पश्चिमी ‘वा’ टंकता येते. जुन्या कीबोर्डांवरून आलेल्या मजकुरात हे रूप भरपूर दिसतं.

तुमचा शब्द पश्चिमी पद्धतीने तयार अक्षरांत लिहिला तर आठ कोड होतात: १४१ए, १४२२, १४७२, १४२६, १४०३, १४७२, १४सी२, १५७डी. सुट्या ठिपक्याने लिहिला तर नऊ. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. म्हणून सांगतो, पायथॉनमध्ये आधी फक्त शब्दाची लांबी पाहा. एका नोंदीत आठ आणि दुसरीत नऊ आले, तर गोंधळ फुलीच्या आधीच, पहिल्या अक्षरात सुरू झाला आहे. तीन नोंदींपैकी एक ठिपक्यामुळे आणि दुसरी फुलीमुळे वेगळी पडली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

सुट्या ठिपक्यात एक सापळा आहे आणि अनुभवी माणसंही त्यात अडकतात. समजा मजकुरात ‘क’, मग ठिपका, मग ‘त’ असा क्रम आहे. पश्चिमेकडचा वाचक ठिपका मागच्या ‘क’ला लावतो आणि ‘क्वत’ वाचतो. पूर्वेकडचा तोच ठिपका पुढच्या ‘त’ला लावतो आणि ‘कत्व’ वाचतो. कोड तेच, क्रम तोच, शब्द दोन. मजकूर कुठल्या क्रीतला आहे हे ठाऊक असल्याशिवाय जगातला कोणताही प्रोग्राम हा प्रश्न सोडवू शकत नाही. तयार अक्षरांना त्यांच्या बाजूसकट वेगळे कोड आहेत याचं महत्त्व इथे कळतं. सुरुवातीला मलाही एकाच ‘वा’ला दोन कोड म्हणजे उधळपट्टी वाटायची. आता तसं वाटत नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीला भाषेचा कोड लावा. नुसतं ‘क्री’ म्हणजे ‘सीआर’ लिहून भागणार नाही. प्लेन्स क्रीसाठी ‘सीआरके’, स्वॅम्पी क्रीसाठी ‘सीएसडब्ल्यू’, मूस क्रीसाठी ‘सीआरएम’, असे वेगळे कोड आहेत. लिपीचा कोड ‘कॅन्स’. ही माहिती नोंदीत नसेल तर पुस्तक कुठे छापलं, कुठल्या गावच्या माणसांनी सांगितलं, यावरून ती भरा. शब्दांतीची व्यंजनं पाहूनही कळतं. पश्चिमेकडे त्यासाठी छोट्या रेघा, अर्धवर्तुळं आणि तुमची ही फुली वापरतात, तर पूर्वेकडे साधारणपणे ‘अ’कारान्त अक्षराचंच लहान, वर चढवलेलं रूप.

हे झाल्यावर शोधासाठी एक वेगळा रकाना करा आणि त्यात मूळ शब्दाचं एकरूप केलेलं रूप ठेवा. फक्त ‘सीआरके’ नोंदींसाठी नियम असे लावा. स्वर किंवा अक्षर आणि त्यामागोमाग सुटा यू+१४२७ आला, तर त्याजागी पश्चिमी तयार अक्षर: यू+१४०बी आणि ठिपक्याचं यू+१४१ए, ‘क’ म्हणजे यू+१४७२ आणि ठिपक्याचं यू+१४७एफ, याप्रमाणे. यू+१५४१ सरळ यू+१५७डी करा, कारण प्लेन्स क्री मजकुरात सायिसी ‘यी’ला जागाच नाही. यू+१६६डी आणि इंग्रजी एक्स मात्र तेव्हाच बदला, जेव्हा त्यांच्या लगेच आधी याच लिपीचं अक्षर असेल आणि नंतर शब्द संपत असेल. फुली एकटी उभी असेल, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल, तर ती ख्रिस्ताची आहे, तिला तसंच राहू द्या. ख्रिस्ताच्या फुलीला पुढे प्रत्ययाची अक्षरं चिकटलेली असतील तीही या नियमातून आपोआप सुटते, कारण तिच्या आधी अक्षर नसतं. वापरणारा जे टंकेल त्यावरही हेच नियम लावा आणि मग दोन्हीची तुलना करा.

दीर्घ स्वरांचं काय, असं कोणी विचारेल. कितीतरी क्री लेखक डोक्यावरचा ठिपका गाळतात, वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं म्हणून. त्यामुळे शोधाच्या रकान्यात दीर्घ ठिपका काढून टाकलेलं आणखी एक सैल रूप ठेवलंत तर उत्तम. पण ते दुसऱ्या पायरीवर: आधी काटेकोर जुळणी दाखवा, ती नसेल तर सैल.

मूळ रकान्यात दुरुस्ती करायची झालीच तर एकेक नोंद पाहून, मूळ छापील पान समोर ठेवून, आणि क्री वाचणाऱ्या माणसाला विचारून करा. आधीचं रूप आणि बदलाची तारीख नोंदवून ठेवा. शब्दाच्या शेवटी चिकटलेल्या एक्सच्या जागी यू+१५७डी हे मी निःशंकपणे करतो, कारण तो उघड टंकनदोष आहे. यू+१६६डीच्या बाबतीत मी दर वेळी पान पाहतो.

नव्या नोंदी जिथून येतात तो कीबोर्डही तपासा, नाहीतर मागचं साफ करता करता पुढून तेच येत राहील. फुलीची कळ दाबल्यावर कोणता कोड उमटतो ते पाहा. फॉन्टसाठी विंडोजवर गाडुगी किंवा युफेमिया आणि गूगलचा नोटो सान्स कॅनेडियन ॲबोरिजिनल हे पर्याय आहेत. पण फॉन्ट बदलून शब्द ठीक दिसू लागला म्हणजे कोड बरोबर झाला असं नव्हे. जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या असतील तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर क्री आकार बसवलेले असतात. आपल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर फॉन्टशिवाय उघडला की जे दिसतं, तसंच. अशा फाइलींत नेमका कोणता फॉन्ट वापरला होता ते आधी शोधा आणि त्याच फॉन्टच्या कोष्टकाने रूपांतर करा. दुसऱ्या फॉन्टचं कोष्टक लावलं तर बहुतेक अक्षरं बरोबर येतात आणि शब्दांतीच्या खुणाच चुकतात. तुमची एखादी फुली अशीच सायिसी ‘यी’ होऊन आली असेल.

आता सुरुवात त्या तीन नोंदींपासून करा. प्रत्येकीचे कोड ओळीने लिहा आणि वर दिलेल्या आठ कोडांच्या शेजारी ठेवा. पहिल्या जागी १४१ए ऐवजी १४१९ दिसला, तर तिथे काही दुरुस्त करण्याआधी ती नोंद खरंच प्लेन्स क्रीची आहे का, हे पाहा.